मोजून पंचवीस

सोन्याचं मीठ स्टीलच्या चमच्यानं काढायचं नसतं. प्रयोगशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात मी ते काढलं. क्लोरोऑरिक आम्लाचे पिवळेधमक खडे असतात, हवेतलं पाणी ओढून घेणारे. बाटलीचं झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं की खड्यांचा चिखल होतो. त्या घाईत हाताला लागला तो चमचा मी आत घातला आणि बाहेर काढला तेव्हा टोकावर तपकिरी-काळा डाग उमटला होता. लोखंडानं आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले होते आणि मिठात आयन होऊन बसलेलं सोनं पुन्हा सोनं होऊन चमच्याला चिकटलं होतं. माझ्या सिनिअरनं चमचा उजेडात धरला आणि म्हणाली, "अभिनंदन. तुझं पहिलं रिडक्शन." मग तिनं माझ्या हातात प्लॅस्टिकचा चमचा ठेवला.

तो डाग घासून गेला नाही. मी चमचा फेकूनही दिला नाही. त्या डागात सोन्याचे किती अणू असतील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि तो मी मोठ्यानं विचारलाही होता. सिनिअर हसली. "डागातले अणू कोण मोजतं?" पुढची सहा वर्षं मी जवळजवळ तेवढंच केलं. डागातले नाहीत, पण त्याच्याच चुलत भावंडांतले.

मी धातूंच्या क्लस्टरवर काम केलं. याला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला आहे. गुच्छ म्हटलं की देठ आठवतो, आणि इथे देठ नाही. पुंजका म्हटलं की कापूस. घोळका त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, पण घोळक्यात कुणीही येतं, कुणीही निघून जातं, मोजदाद कुणी ठेवत नाही. इथे तर सगळा खेळ मोजदादीचा आहे. म्हणून क्लस्टरच म्हणते. १९६०च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एफ. अल्बर्ट कॉटन यांनी हा शब्द रुजवला. धातूचे अणू एकमेकांशी थेट बंध करून एकत्र राहतात अशी संयुगं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ऱ्हेनियमच्या तीन अणूंचा त्रिकोण हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. तीन अणू. माझ्या कामात संख्या जरा मोठ्या होत्या, पण फार नाही.

नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा किती हजारावा भाग, ही उपमा मी देणार नाही. ती सगळ्यांनी वाचलेली आहे आणि तिच्यामुळे कुणाला काही समजलं असेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा असं बघा. सारख्या आकाराच्या गोट्या घ्या. एक मध्ये ठेवा. तिला चहूबाजूंनी टेकतील अशा जास्तीत जास्त बारा बसतात. झाल्या तेरा. त्यावर आणखी एक पूर्ण थर चढवायचा तर बेचाळीस लागतात, एकूण पंचावन्न. पुढचा थर ब्याण्णवचा, एकूण एकशे सत्तेचाळीस. आता पंचावन्नच्या गोळ्याकडे बघा: पंचावन्नपैकी बेचाळीस बाहेरच्या बाजूला आहेत. म्हणजे हा असा वाडा, ज्यात जवळपास सगळी माणसं दारातच उभी आहेत आणि माजघरात जेमतेम तेरा. अशा वाड्याचा स्वभाव मोठ्या वाड्यासारखा कसा असेल? सोन्याच्या वळ्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा रंग, त्याचा आळस, कशाशीही न भांडण्याचा त्याचा गुण, ते सगळं माजघरातल्या अणूंच्या बहुमतावर चालतं. इथे ते बहुमतच गेलेलं असतं.

हे लहान सोनं वेगळं वागतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं मायकेल फॅरेडेनं. १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यानं सोनं आणि प्रकाश यांच्या नात्याबद्दल सांगितलं. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणाला फॉस्फरसनं क्षपित करून, म्हणजे त्याचं रिडक्शन करून, त्यानं माणकासारखा लाल द्रव मिळवला होता, आणि त्याचं म्हणणं होतं की हा लाल रंग दुसऱ्या कशाचा नाही, सोन्याचाच आहे, अतिशय बारीक वाटलेल्या. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत आणि त्यातलं सोनं अजून तळाला बसलेलं नाही. मला फॅरेडेचं कौतुक वाटतं ते यासाठी की कण दिसण्याचं कुठलंही साधन हाताशी नसताना त्यानं रंगावरून कण ओळखले.

पण कण किती मोठे? प्रत्येकात किती अणू? फॅरेडेला ते सांगता येणं शक्यच नव्हतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बाकीच्यांनाही नव्हतं. कलॉइडच्या, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या बारीक कणांच्या, जगात उत्तर नेहमी "सुमारे" असतं: सुमारे पाच नॅनोमीटर, सुमारे दहा. एका बाटलीत लाखो-करोडो कण आणि कुठलेही दोन अगदी सारखे नाहीत. भौतिकशास्त्राला त्याचं फारसं दुःख नसतं, सरासरी काढली की काम भागतं. रसायनशास्त्राचं मात्र भागत नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. "सुमारे दोन हायड्रोजन" म्हणणाऱ्याला आम्ही वर्गाबाहेर घालवतो. ज्याचं सूत्र लिहिता येत नाही ते संयुग कसलं? माझ्या गाइड बाई हे फार रोखठोकपणे म्हणायच्या. एकदा सेमिनारमध्ये पाहुण्यांनी आपल्या कणांचा आकार "१.५ अधिक-उणे ०.४" असा सांगितला, तेव्हा बाई माझ्याकडे झुकून पुटपुटल्या, "म्हणजे ह्यांच्या बाटलीत काय आहे ते ह्यांना माहीत नाही." पाहुण्यांचं काम वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून अधिक-उणेचं ते चिन्ह दिसलं की मला बाईंची कुजबुज ऐकू येते.

सोन्याच्या क्लस्टरला सूत्र मिळायला वेळ लागला. १९६९ साली अकरा अणूंच्या क्लस्टरची रचना एक्स-रेनं उलगडली. १९८१ साली जर्मनीत ग्युंटर श्मिड यांनी पंचावन्न अणूंचा क्लस्टर केल्याचं जाहीर केलं, भोवती बारा फॉस्फिन (फॉस्फरसचे रेणू) आणि सहा क्लोरिन. वर सांगितलेल्या गोट्यांच्या हिशेबात तो इतका चपखल बसत होता की तो खरा असायलाच हवा असं वाटावं. त्यावर शेकडो निबंध निघाले. त्याचा नीट मोजता येईल असा स्फटिक मात्र दशकानुदशकं कुणाच्या हाती लागला नाही.

आणि मग आहे आमच्या पंचवीसची गोष्ट. मी ती नव्या विद्यार्थ्यांना हटकून सांगते.

१९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका गटानं ग्लुटाथायोन नावाच्या, पेशींमध्ये सापडणाऱ्या रेणूचं आवरण असलेला सोन्याचा क्लस्टर वेगळा केला. वस्तुमान मोजलं, हिशेब मांडला: सोन्याचे अठ्ठावीस अणू, भोवती सोळा ग्लुटाथायोन. काही वर्षांनी दुसऱ्या एका गटानं दुसऱ्या गंधकी रेणूचं आवरण घालून एक क्लस्टर केला आणि त्याची नोंद झाली अडतीस सोनं, चोवीस आवरणं अशी. दोघांच्या द्रावणाचे शोषण-वर्णपट, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचे आलेख, शेजारी शेजारी ठेवले तर अगदी जुळ्यासारखे दिसायचे. तेच उंचवटे, त्याच जागी. अठ्ठावीस आणि अडतीस अणू इतके सारखे कसे दिसतील? घोळ मोजमापात होता. वस्तुमान मोजताना क्लस्टर तुटत होता आणि तुकड्यांवरून लोक अख्ख्याचा अंदाज बांधत होते. २००५ साली जपानमध्ये त्सुकुदा यांच्या गटानं ग्लुटाथायोनवाल्याचं वजन न तोडता घेतलं: पंचवीस सोनं, अठरा आवरणं. २००७ साली दुसऱ्याचाही निकाल लागला: पंचवीस, अठरा. अठ्ठावीस आणि अडतीस म्हणून ओळखले जाणारे दोघे एकच होते, फक्त त्यांचे कपडे निराळे होते.

इतक्या हुशार लोकांना पंचवीसपर्यंत मोजायला सात-आठ वर्षं लागली, हे मी विद्यार्थ्यांना सांगते ते कुणाची थट्टा करायला नाही. त्यांना उद्या पहिला वर्णपट मिळेल आणि ते दुपारपर्यंत सूत्र लिहून टाकतील, म्हणून.

आता हे करायचं कसं? पाककृती वाचली तर सोपी वाटते, आणि खरं तर ती सोपीच आहे. १९९४ साली लिव्हरपूलच्या ब्रुस्ट, शिफ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत दिली तिचीच ही लेकरं. सोन्याचं पिवळं मीठ पाण्यात. वर टोल्युइनचा थर. त्यात टेट्राऑक्टिलअमोनियम ब्रोमाइड, आमच्या भाषेत टोअ‍ॅब, चार लांब शेपट्यांचं क्षार, जे सोन्याला पाण्यातून उचलून वर तेलकट थरात नेऊन सोडतं. हे दृश्य मला कधीच जुनं झालं नाही: खालचं पिवळं पाणी बघता बघता निवळशंख होतं आणि वरचा थर लालकेशरी. खालचं पाणी टाकायचं. फ्लास्क बर्फात. मग थायोल.

थायोलबद्दल थांबून सांगायला हवं. गंधकाचं सोन्याशी सख्य आहे, म्हणून हे आवरण. पण गंधकाच्या या रेणूंचा वास असा असतो की तो नाकात शिरत नाही, कपड्यात, केसात, वहीच्या पानात मुक्कामाला येतो. सोन्याला सुगंध, असं आपण म्हणतो. आमच्या सोन्याला दुर्गंध होता आणि तो नसता तर सोनंही नसतं. हातमोजे, पिपेट, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं, फ्यूम हूडची काच खाली ओढायची, आणि तरीही घरी गेल्यावर माणसं विचारायचीच, "आज कशावर काम केलंस?"

थायोल पडला की लालकेशरी रंग हळूहळू उतरत जातो आणि तासाभरात द्रावण जवळपास रंगहीन, थोडं दुधट होतं. सोन्यानं गंधकाशी गाठ बांधून लांब साखळ्या केलेल्या असतात. या टप्प्यावर ढवळायचं अगदी सावकाश, मिनिटाला तीसेक फेऱ्या. २००८ साली पिट्सबर्गच्या रोंगचाओ जिन यांच्या गटानं दाखवलं की इथलं तापमान आणि ढवळण्याचा वेग सांभाळला तर पुढे पंचवीसचं पीक चांगलं येतं. ढवळण्याचा वेग! रसायनशास्त्राच्या वह्यांमध्ये हा आकडा सहसा कुणी लिहीतही नाही. मीही सुरुवातीला लिहिला नव्हता आणि तीन महिने माझी एक बॅच दुसरीसारखी का येत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसले होते.

मग सोन्याला इलेक्ट्रॉन देणारं सोडियम बोरोहायड्राइड, बर्फगार पाण्यात नुकतंच विरघळवलेलं, एका दमात ओतायचं आणि आता ढवळण्याचं बटण पुरतं फिरवायचं. फेस येतो, आणि द्रावण काळं होतं. हळूहळू होत नाही. डोळा लवतो आणि काळं झालेलं असतं.

त्या काळ्यात काय असतं? सगळंच. वीस अणूंचे, तीसचे, सत्तरचे, शंभरचे, गर्दी नुसती. पहिल्यांदा मी त्या टप्प्यावरचं वस्तुमान घेतलं तेव्हा आलेखावर शिखर म्हणून नव्हतंच, एक लांबलचक टेकाड होतं. मी खट्टू झाले. बाई म्हणाल्या, "ठेव तशीच. ढवळत राहू दे." एक दिवस गेला. दोन गेले. फ्लास्कमध्ये जास्तीचा थायोल होता, तो एकेका क्लस्टरला कुरतडत होता. जे डळमळीत होते ते मोडत होते, त्यांचे तुकडे इकडे-तिकडे जोडले जात होते. टेकाड आक्रसत गेलं. तिसऱ्या दिवशी काळा रंग उतरून लालसर तपकिरी झाला, आणि वर्णपटावर तीन ओळखीचे उंचवटे आले: ४००, ४५० आणि ६७० नॅनोमीटरच्या आसपास. वस्तुमानाच्या आलेखावर एकच काठी उभी होती, ७३९४च्या जवळ. पंचवीस सोनं, अठरा फिनाइलइथेनथायोलेट (थायोलेट म्हणजे सोन्याला चिकटलेला थायोल). कागदावर बेरीज करून पाहा, बरोबर तेवढीच येते.

याला साइझ-फोकसिंग म्हणतात. मला त्यात एक गोष्ट कायम खटकत आणि सुखावत आली आहे. पंचवीस मी केले नव्हते. मी पंचवीस अणू मोजून फ्लास्कमध्ये टाकले नव्हते, तसं करणं शक्यही नाही. मी फक्त असं वातावरण केलं की ज्यात बाकी सगळ्यांचं जगणं अवघड व्हावं. संश्लेषण या शब्दात जो कर्तेपणा आहे, एकाला एक जोडत नेण्याचा, तो इथे लागू पडत नाही. तरी निबंधात आम्ही लिहितो, "आम्ही संश्लेषित केलं." दुसरं काय लिहिणार.

पण पंचवीसच का? चोवीस का नाही, सव्वीस का नाही?

याचं उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते खोटं धरलं होतं, इतकं ते नीटनेटकं आहे. १९८४ साली बर्कलीत नाइट आणि सहकाऱ्यांनी सोडियमच्या वाफेतून क्लस्टर उडवले तेव्हा आठ, वीस, चाळीस, अठ्ठावन्न अशा संख्यांचे क्लस्टर इतरांपेक्षा कितीतरी जास्त सापडले. सोडियमचा प्रत्येक अणू एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो. ते इलेक्ट्रॉन अख्ख्या गोळ्याचे होतात आणि एका अणूत भरतात तसे कवचा-कवचात भरत जातात. कवच पूर्ण, क्लस्टर सुखी. अख्खा क्लस्टर म्हणजे जणू एक मोठा अणू. २००८ साली फिनलंडचे हान्नु हाकिनेन आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब आवरणवाल्या सोन्याला लावला. सोन्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो, प्रत्येक थायोलेट एक अडकवून ठेवतो. पंचवीसातून अठरा गेले, उरले सात. आपला क्लस्टर ऋणभारित असतो, त्याचा एक मिळवा. आठ.

स्टॅनफर्डमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटानं २००७ साली ज्याचा स्फटिक केला त्यात एकशे दोन सोनं आणि चव्वेचाळीस थायोलेट होते. वजाबाकी करा: अठ्ठावन्न. चांदीचा चव्वेचाळीस अणूंचा प्रसिद्ध क्लस्टर, तीस आवरणं, चार ऋणभार: अठरा, तीही पूर्ण कवचाची संख्या. मी एक रात्र वहीत ही वजाबाकी करत बसले होते, हाती लागेल त्या सूत्राची. मग अडतीस आला, खराखुरा अडतीस, चोवीस आवरणांचा. अडतीस उणे चोवीस, चौदा. चौदा कुठल्याच यादीत नाही! वहीवर मी मोठा प्रश्नचिन्ह काढला होता. नंतर कळलं की त्याचा गाभा गोल नाहीच, तेरा-तेराचे दोन गोळे एकमेकांत घुसून झालेला तो लांबट आहे. गोलाचा नियम त्याला लागत नाही. माझी वजाबाकी चुकलेली नव्हती, मी त्याला उगीच गोल समजत होते.

आणि तो हिशेबातला जादा एक इलेक्ट्रॉन, तो किती सहज निघून जातो याचा अनुभव मला फुकटात मिळाला. एका संध्याकाळी द्रावणाची वायल, म्हणजे छोटी काचेची बाटली, उघडी राहिली. सकाळी लालसर तपकिरी द्रावण हिरवं झालं होतं. महिन्याचं काम नासलं म्हणून मी ती ओतून द्यायला निघाले होते. सिनिअरनं हात धरला. हवेतल्या ऑक्सिजननं एक इलेक्ट्रॉन नेला होता, इतकंच. अणू तेच पंचवीस, आवरणं तीच अठरा, आठाचे सात झाले आणि रंग पालटला. सोन्याच्या वळ्यातून एक इलेक्ट्रॉन काढून बघा, वळ्याला पत्ताही लागणार नाही.

वस्तुमानानं संख्या कळते. कोण कुठे बसलं आहे ते कळत नाही. त्यासाठी स्फटिक लागतो आणि स्फटिक मागून मिळत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत स्फटिक "येतात". "केले" असं कुणी म्हणत नाही. "आले का?" "नाही अजून." हाच संवाद, रोज, कॉरिडॉरमध्ये. क्लस्टर टोल्युइनमध्ये विरघळवायचा, त्यावर हलक्या हातानं इथेनॉल सोडायचं, झाकण लावायचं, फ्रिजमध्ये नेऊन ठेवायचं आणि मग विसरायचा प्रयत्न करायचा. हलवलं की बिघडतं. बघायला काढलं तरी हलतं. मी एकावेळी चाळीस वायल लावायचे, प्रत्येकीवर तारीख आणि प्रमाण, आणि चाळीसच्या चाळीसांत तळाला डांबर बसायचं.

दुसऱ्या वर्षी, पावणेपाच महिन्यांनी, एका वायलीत सुया दिसल्या. लांब, सरळ, चमकणाऱ्या. द्रावण तपकिरी असल्यामुळे सुयाही तपकिरीच दिसत होत्या. मी धावतच एक्स-रेवाल्या काकांकडे गेले. ते वयानं आणि अनुभवानं इतके मोठे होते की त्यांना सगळे काकाच म्हणायचे. स्फटिक तेलात घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या फासात उचलायचा, शंभर केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात धरायचा. उशीर केला तर आतला विद्रावक उडतो आणि स्फटिकाला तडे जातात. काकांनी सुई तेलात टाकली, तेलात थोडी फिरवली, आणि तिचा तपकिरी रंग सुटून आला. खाली उरली काचेसारखी पांढरी सुई. काका काहीच बोलले नाहीत. दहा मिनिटांत सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात छोटा ठोकळा, मोजून झाली, यादीशी ताडून झाली.

"टोअ‍ॅब," ते म्हणाले.

चार शेपट्यांचं ते क्षार, सोन्याला पाण्यातून वर आणणारं. पावणेपाच महिने मी हमालाचं चित्र काढत होते.

"सगळ्यांचं पहिलं टोअ‍ॅबच असतं," काका म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली. हे त्यांचं वाक्य सांत्वनाचं होतं की खरं, ते मी पुढे पडताळून पाहिलं. माझ्या ओळखीतल्या चौघांनी तरी आपलं पहिलं टोअ‍ॅबच होतं असं कबूल केलं.

खरा स्फटिक त्यानंतर वर्षभरानं आला. काळा, बुटका, अजिबात देखणा नाही. रचना सोडवताना पडद्यावर जे उगवत जातं ते पाहण्यासारखं असतं. सोन्यात एकोणऐंशी इलेक्ट्रॉन, कार्बनमध्ये सहा. एक्स-रे इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, म्हणून आधी सोनं दिसतं, ढळढळीत. मग गंधक. कार्बन बिचारे त्या झगमगाटात हरवलेले, एकेकाला हाताला धरून जागेवर आणावं लागतं. काकांनी शिखरांना नावं द्यायला सुरुवात केली. मध्ये एक. भोवती बारा, वीस त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या बारा कोपऱ्यांवर. तेरा. आणि त्याभोवती सहा कड्या, प्रत्येकीत गंधक-सोनं-गंधक-सोनं-गंधक. सहा दुणे बारा सोनं, सहा त्रिक अठरा गंधक. तेरा आणि बारा पंचवीस.

ही रचना २००८ सालीच प्रसिद्ध झालेली होती, दोन गटांकडून जवळपास एकाच वेळी. मी नवं काही शोधलं नव्हतं. मला ठाऊक होतं काय दिसणार ते. तरी काकांच्या मागे उभं राहून मी बोटांवर मोजत होते.

त्या कड्यांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मनात चित्र होतं ते असं: आत सोन्याचा गोळा, बाहेर गंधकाचे रेणू त्यावर टाचणीसारखे टोचलेले. आत शरीर, वर कपडे. कॉर्नबर्ग यांच्या एकशे दोनच्या स्फटिकात पहिल्यांदा दिसलं की सोन्याचे काही अणू गोळा सोडून बाहेर आले आहेत आणि दोन गंधकांच्या मधोमध जाऊन बसले आहेत. पंचवीसातले बारा तसेच. ते शरीराचे की कपड्याचे? तुम्ही म्हणाल ते. म्हणूनच कपडे बदलले की अंग बदलतं. अडतीसच्या क्लस्टरला चोवीस फिनाइलइथेनथायोलेट असतात. ते काढून त्या जागी ब्युटिलच्या जाडजूड गटाचे बेन्झिनथायोल घातले तर दोन सोनं गळून पडतात आणि छत्तीसचा क्लस्टर होतो, चोवीसच आवरणं, रचना पूर्ण वेगळी. मी स्वतः हे नकळत केलं होतं. नव्या थायोलनं मला नवा क्लस्टर मिळाला असं समजून मी दोन रात्री झोपले नव्हते. वस्तुमान आलं आणि तो आधीच कुणीतरी प्रसिद्ध केलेला छत्तीस निघाला. बाई म्हणाल्या, "बरं झालं. निदान तो आहे हे आपल्याला माहीत आहे."

लोक विचारतात, याचा उपयोग काय. उत्प्रेरक म्हणून होतो, चमकणारे क्लस्टर पेशींमध्ये खूण म्हणून वापरून पाहतात, आणि निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात अजून बरंच काही होतं. मला स्वतःला धरून ठेवलं ते दुसऱ्याच एका प्रश्नानं: सोनं नेमकं केव्हा सोनं होतं? पंचवीसच्या क्लस्टरमध्ये इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांमध्ये सुमारे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट आहे. तो धातू नाहीच, रेणू आहे. धातूत अशी फट नसते. मग अणू वाढवत नेले तर ती फट बुजते कुठे? जिन यांच्या गटाच्या दोनशे सेहेचाळीसमध्ये अजून रेणूपणा आहे. दोनशे एकोणऐंशीचा जो क्लस्टर मिळाला, ज्याला फॅरेडेच्या आठवणीनं फॅराडॉरेट असं नाव दिलं गेलं, त्याच्या वर्णपटात फॅरेडेच्या लाल बाटलीतला तो रुंद उंचवटा डोकं वर काढतो. म्हणजे या दोन संख्यांच्या मध्ये कुठेतरी धातू जन्मतो. तेहतीस अणूंची दरी. त्या दरीत काय काय आहे हे मला मरण्याआधी कळावं असं फार वाटतं.

आता मी स्वतः फारसे प्रयोग करत नाही. पण फ्रिजच्या मागच्या कप्प्यात माझी एक वायल आहे. वस्तुमानावर एकच काठी येते, वर्णपट कशाशीच जुळत नाही, आणि सूत्र दोन प्रकारे बसतं, एका सोन्याच्या फरकानं. स्फटिक आलेला नाही. लेबलवर आधी एक आकडा होता, तो मी खोडला. मग दुसरा होता, तोही खोडला. परवा एका नव्या मुलीनं फ्रिज साफ करताना ती बाहेर काढली आणि विचारलं, "मॅडम, ही टाकू का? यात काय आहे?" मी वायल उजेडाला धरली, तळाशी डांबर नाही ना ते पाहिलं, झाकण सैल वाटलं म्हणून बदललं, आणि तिला म्हटलं, न हलवता परत ठेव.